धूर मोजायला कारंज्याकडे

वर्धा जिल्ह्यात बाहेरचे लोक जातात ते बहुतेक आश्रम पाहायला. मी गेले होते धूर मोजायला. नव्वदच्या दशकाचा शेवट होता, जानेवारी संपत आला होता.

कारण थोडक्यात सांगते. ऊर्जा आणि हवामान यांवर धोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका छोट्या संस्थेत संशोधनाचं काम मी बरीच वर्षं सांभाळत होते. त्या काळी ऊर्जा म्हणजे वीज आणि वीज म्हणजे कोळसा नाहीतर धरण, एवढाच समज होता. पृथ्वी तापते आहे ही चर्चा मोठ्या परिषदांमधून सुरू झाली होती आणि तिथले काही विद्वान आपल्याकडच्या चुलींकडेही बोट दाखवायला लागले होते. माझं म्हणणं असं, की हा धूर आकाशात जाऊन काय करतो ते जरूर पाहा, पण आधी तो चुलीपुढे बसलेल्या बाईचं काय करतो ते मोजा, आणि ऊर्जेवर सरकार जे खर्च करतं त्यातला वाटा तिलाही द्या. हे मी इतक्या ठिकाणी बोलले की शेवटी एका समितीने म्हटलं, ठीक आहे, मोजून आणा. कारंजा (घाडगे) तालुक्यातली काही गावं गोबर गॅसच्या नव्या योजनेत घ्यायची की नाही, ते आमच्या मोजणीवर ठरणार होतं. बैठक शुक्रवारी, नागपूरला.

सोमवार, वर्धा

स्टेशनवर प्रसाद आला होता. प्रसाद आमचा तरुण इंजिनियर, कामाला चोख, गेले तीन आठवडे कारंज्याच्या बाजूच्या गावांतून फिरत होता. मी त्याला पाहिलं आणि पहिला विचार आला तो असा, की हा चांगला अंगाने भरलाय. गावोगाव फिरणारी आमची माणसं एरवी वाळून परत येतात.

"लोक फार चांगले आहेत, बाई," ऑटोत बसताना तो म्हणाला. "जेवल्याशिवाय सोडतच नाहीत."

एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्हाला एक टेबल आणि नाजूक तराजू वापरायला दिला होता. मोजणीची पद्धत साधी होती. डब्याएवढा एक पंप स्वयंपाकघराच्या भिंतीवर, बसलेल्या बाईच्या नाकाच्या उंचीला टांगायचा. तो हवा ओढतो आणि ती हवा एका गोल पांढऱ्या कागदातून जाते. धुरातली काजळी कागदावर अडकते. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. प्रसादने डबी उघडली आणि एकेक कागद चिमट्याने काढून माझ्यापुढे मांडला.

कागद पांढरे होते. थोडे मळके, पण पांढरेच. माझ्या घरच्या गॅसच्या शेगडीजवळ लावला असता तर याहून काळा झाला असता.

"पंप चालू होते?"

"सगळे. घरघर ऐकू येते ना."

"स्वयंपाक झाला?"

"झाला म्हणजे काय, मीच जेवलो. मला वाटतं कवेलूंच्या छपरातून धूर निघून जातो. हवा खेळती असते."

कवेलू म्हणजे आपली कौलं. हवा खेळती असते हे मला पटेना, पण न पटण्याला पुरावा नव्हता आणि कागदाला होता. मी लहानपणी सुट्टीत आजोळी चुलीपुढे बसले आहे. दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी येतं, मग छप्पर कसलंही असो. कॉलेजच्या दारातल्या बूथवरून समितीच्या सचिवांना फोन केला आणि आकडे कमी येताहेत, काहीतरी चुकलंय, असं सांगितलं. ते मोकळेपणाने हसले.

"कमी आले तर चांगलंच की, मॅडम. धूर नाही म्हणजे प्रश्न नाही. ही गावं वगळू, दुसरीकडे देऊ."

त्या दिवशी वर्ध्यात चांगली सांबारवडी मिळते म्हणून प्रसादने मला एका हॉटेलात नेलं. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. ती ठेचून भरलेली, कुरकुरीत वडी, बरोबर कढी. वडी उत्तम होती. मी अर्धीच खाल्ली.

मंगळवार, कारंजा आणि पुढे

आर्वीवरून जाणारी एसटी धरली. दोन्ही बाजूंना कापसाचा शेवटचा वेचा चाललेला, आणि जिथे वेचणी संपली तिथे उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड. इथलं मुख्य जळण तेच. ते भसकन पेटतं, भसाभसा धूर सोडतं आणि लगेच विझतं, म्हणून बाईला चुलीपासून उठता येत नाही. प्रत्येक घराच्या मागे पऱ्हाट्यांची गंजी दिसत होती आणि प्रत्येक गंजी पाहून मला ते पांढरे कागद आठवत होते. कारंज्याला हायवेवर ट्रकांची रांग, ढाबे आणि संत्र्यांचे ढीग. आम्ही संत्री घेतली आणि एका मालवाहू ऑटोतून गावाकडे निघालो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

ज्या घरी गेलो तिथे शोभा नावाची तिशीतली सून, तिचा नवरा आणि सासू गिरजाबाई अशी माणसं. घराच्या मागे भलामोठा खड्डा. प्रसादने पहिल्या फेरीत सांगितलं होतं, योजना मंजूर झाली तर असा खड्डा लागेल. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी कुदळच घेतली. मंजुरीचा अजून पत्ता नव्हता.

"पाहा मॅडम, हा आमच्या शोभीचा गड्डा," शेजारची कमला कुंपणावरून म्हणाली. "सारं गाव इचारते, हत्ती पकडून राह्यली का वो?"

"हसू दे," शोभा म्हणाली. ती हसत नव्हती. तिचे डोळे लालसर आणि कडांना सुजलेले होते. बोलताना ती पदराने ते सारखे टिपायची. सासूच्या एका डोळ्यात पांढरं पूर्ण उतरलं होतं. "मॅडम, तुमचं ते मोजनं झालं का? येईन ना आमचं नाव?"

मी म्हटलं, बघू. यापलीकडे काय सांगणार होते!

मला अंगणातल्या बाजेवर बसवलं. आमच्या घरी पाहुणी बाई आली की सरळ स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकते आणि गप्पा तिथेच होतात. इथे तसं नाही. पाहुण्याने बाहेर बसायचं, आणि पुरुषाने तर स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचाच नाही. प्रसादने पंप शोभाच्या हाती दिला, तिने तो आत नेऊन टांगला, घरघर सुरू झाली आणि तो माझ्याशेजारी येऊन बसला. तीन आठवडे त्याने हेच केलं होतं आणि त्यात गैर काही नव्हतं. परक्या घरच्या चुलीपुढे जाऊन तो बसला असता तर दुसऱ्या दिवशी त्याला गावात कुणी घेतलं नसतं.

अंगणाच्या कोपऱ्यात शोभाचा नवरा आणि त्याचा भाऊ गोवऱ्या रचत होते. गोवऱ्या पेटल्या, त्यांचा लाल निखारा झाला आणि त्यात त्यांनी जाड कणकेचे घट्ट गोळे खुपसले.

"रोडगे," प्रसाद आनंदाने म्हणाला. "आता वांग्याची भाजी आणि वरण. रोडगा फोडून त्यात तूप ओततात. बाई, तुम्ही खाऊन तर बघा."

"तू आधी खाल्लेत?"

"रोज!"

वांग्याचं मोठं पातेलंही बाहेरच, तीन दगडांवर रटरटत होतं. धूर अंगणातून थेट आभाळात चालला होता. मी बाजेवरून उठले.

"तिकडे काहाले जाता, मॅडम?" नवरा ओरडला. "बसा ना!"

मी आत गेले. चूल शेणाने स्वच्छ सारवलेली होती. चुलीत एक मांजर झोपलं होतं, थंड राखेवर, अगदी सैल अंगाने. त्याच्या वर भिंतीवर आमचा पंप इमानाने घरघरत होता आणि मांजराचा श्वास मोजत होता.

बाहेर येऊन मी प्रसादला विचारलं, "सगळ्या घरी रोडगे होते?"

तो विचार करायला लागला आणि विचार करता करता त्याचा चेहरा उतरला. "सगळ्या. एका घरी पानगे होते, पानांत थापून निखाऱ्यावर भाजलेले."

"तेही बाहेरच?"

"बाहेरच."

गिरजाबाई दारात बसून सगळं ऐकत होत्या. मी त्यांना विचारलं, आत का नाही रांधलं?

"अवो, पाहुने आले घरी, त्याइले धुरात बसवाचं का?" त्या म्हणाल्या. "अन् तुमच्या त्या डब्यात पांढराफटक कागद. या सायबानं केवढा जपून लावला. त्याले धूर लागला असता तर काया झाला असता ना. मंग तुमचंच नुकसान. मी साऱ्या गावाले सांगतलं, सायेब येतीन त्या दिवशी आतमंदी चूल पेटवाची नाई."

"लय बेस केलं आत्याबाईनं," कमला कुंपणावरून म्हणाली. "रोडगे मान्सं भाजते, आमी बसून राह्यतो. मी तं म्हन्लं होतं, दर आठोड्याले मोजा बापा!"

बायका हसल्या. शोभाही हसली. मी आणि प्रसाद तेवढे हसलो नाही. मी तिला जवळ बोलावून सरळ सांगितलं: कागद पांढरे गेले तर समिती म्हणेल इथे धूर नाही, आणि धूर नाही तर गोबर गॅस नाही. खड्डा तसाच राहील.

तिचं हसू गेलं. "मंग आता?"

"उद्या आणि परवा सकाळी, रोजच्यासारखी आत चूल पेटवा. आम्ही पुन्हा मोजतो."

"जमनार नाई," गिरजाबाई लगेच म्हणाल्या. "घरी पाहुने बसले अन् आतून धूर निंगून राह्यला, लोक का म्हनतीन? एवढं तरी समजते आमाले."

मी समजावलं, प्रसादने समजावलं. उपयोग नाही. त्या दिवशीचे रोडगे आम्ही खाल्ले, कारण ताट टाकून उठण्याइतकी मी धीट नव्हते. रोडगा बाहेरून कडक, आत खुसखुशीत, तुपात बुडालेला. इतकं चांगलं जेवण इतक्या अस्वस्थपणे मी कधी जेवले नसेन.

बुधवार

कारंज्याच्या लॉजवर मी एकच गोष्ट घोळवत होते. आम्ही पाहुणे आहोत तोवर खरा धूर दिसणार नाही. तेव्हा पाहुणे राहायचं नाही. याचा सरळ अर्थ, गावात अन्न घ्यायचं नाही. प्रसादला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, हे फार वाईट दिसेल." मला ते माहीत होतं. शिवाय गाव बिथरलं आणि पंपच लावू दिले नाहीत, तर शुक्रवारी माझ्या हातात काहीच नसणार होतं. पांढरे कागदही नाहीत, कारण ते मी आता मांडू शकत नव्हते.

पाव, केळी आणि संत्री घेऊन सकाळी लवकर गावात पोचलो. गिरजाबाईंना सांगितलं, आज आम्ही कुणाकडे येणार नाही, कुणाकडे जेवणार नाही, चहासुद्धा नाही. पंप द्यायचे आणि एसटीच्या निवाऱ्यात जाऊन बसायचं.

त्यांनी तोंड फिरवलं. "आमच्या अन्नात का कीडे पडले?"

"आत्याबाई, त्याइचं ऐका ना," शोभा म्हणाली.

"तू गप बस. काल आलेल्या बाईसाठी मले शिकवून राह्यली?"

"बाईसाठी नाई. माह्या डोयासाठी. तुमचा तं गेला, आता माह्याबी जाऊ द्याचा का?"

सुनेने सासूला असं बोललेलं त्या घरात बहुधा पहिल्यांदाच ऐकलं जात होतं. गिरजाबाई उठून आत गेल्या. शोभाने माझ्या हातातला पंप घेतला. बाकीचे चारही उचलून ती कमलाला हाक मारत गल्लीत निघाली. कमला कुरकुरली, "गेली आपली मौज," पण पंप घेतला.

आम्ही निवाऱ्यात बसून पाव खात होतो. येणारा-जाणारा थांबून पाहत होता. एक म्हातारे गृहस्थ समोर उभे राहिले.

"काऊन मॅडम, आमच्या घरचं पानीबी चालत नाई का आता?"

हे मला झोंबलं. अन्न नाकारण्याचा गावात कोणता अर्थ निघू शकतो ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी म्हटलं, पाणी चालतं, बाबा, आणा. त्यांनी खरंच घरून तांब्या आणला आणि मी पिईपर्यंत ते हलले नाहीत. मी तांब्या तोंडावर उंच धरून सगळा रिकामा केला, अर्धं पाणी गळ्यावर सांडलं. ते "हं" म्हणाले आणि तांब्या घेऊन गेले. त्या "हं"चा अर्थ मला आजही सांगता येणार नाही.

मग कवेलूंमधून धूर यायला लागला. आधी एका घरावरून, मग दुसऱ्यावरून. निळसर, जड, छपरावरच रेंगाळणारा. मी घरं मोजत होते. शोभाच्या घरावर काहीच नव्हतं. प्रसाद घड्याळ बघत होता, मी त्याला बघू नको म्हणाले आणि स्वतः बघत राहिले. बऱ्याच वेळाने तिथूनही धूर निघाला.

गुरुवारी सकाळी पुन्हा तसंच. पंप परत करायला शोभा आली, तेव्हा तिला खोकल्याची उबळ आली होती. सासू बोलत नाही, एवढंच तिने सांगितलं. वर्ध्याला पोचून डबी उघडली. कागद तपकिरी होते, मध्यभागी काळे. प्रसाद तराजूवर वाकला आणि मला एकदम लाज वाटली, की हे कागद पाहून मला बरं वाटतंय.

शुक्रवार, नागपूर

समितीच्या खोलीत लांब टेबल, बिस्किटं, चहा. अध्यक्षांनी चष्मा सावरत विचारलं, "पाच घरं? तुमचा माणूस तर तीन आठवडे फिरत होता."

मी सांगितलं, ती सगळी मोजणी मी मागे घेते आहे. का, तेही सांगितलं. मांजराचं वगळलं नाही.

टेबलावर हसू पसरलं. विदर्भातलेच एक सदस्य होते, ते म्हणाले, "बरोबर आहे! पाहुण्याला रोडगेच घालतात." त्यांच्या तोंडाला पाणी सुटल्याचं दिसत होतं. अध्यक्ष हसले नाहीत.

"म्हणजे बहुतेक सगळी मोजणी फेकून फक्त पाच घरांवर आम्ही निर्णय घ्यायचा. उद्या कुणी म्हणालं, या बाईला हवे तसे आकडे आले नाहीत म्हणून तिने बदलले, तर?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. मी दोन्ही डब्या उघडून कागद शेजारी शेजारी ठेवले. म्हटलं, तुमचा माणूस पाठवा. फक्त त्याने तिथे जेवू नये.

अर्धा तास वाद झाला. शेवटी त्या एका गावाचं नाव यादीत घातलं गेलं. बाकीची गावं पुन्हा मोजेपर्यंत थांबणार. मी विरोध केला, कारण चूक आमची आणि थांबणार तिथल्या बायका, पण तो विरोध तेवढ्यावरच राहिला. प्रसाद दुसऱ्याच दिवशी पाव आणि केळी घेऊन उरलेल्या गावांकडे निघाला.

शनिवार

निरोप पत्राने गेला असता. पण मी पुण्याची गाडी सोडून कारंज्याची एसटी धरली. शोभाला आणि तिच्या सासूला कशा अवस्थेत सोडून आलो होतो, ते मनातून जात नव्हतं.

शोभा मागच्या बाजूला पऱ्हाट्या मोडत होती. मी सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "नक्की ना? मंग बदलनार नाई ना?" मी म्हटलं, यादीत नाव आहे, बांधकाम पावसाळ्याआधी झालं तर झालं, नाहीतर दिवाळी उजाडेल. मला खोटी आशा द्यायची नव्हती. ती खड्ड्याच्या काठावर गेली, आत पडलेलं एक तुटकं टोपलं दिसलं, ते उतरून बाहेर काढलं आणि वर आली. आनंदाचं एवढंच काय ते प्रदर्शन.

गिरजाबाई दारात होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण माझ्याकडे न बघता विचारलं, "आज जेवतान, का आजबी उपास?"

"जेवते."

मी सवयीने अंगणातल्या बाजेकडे वळले.

"तिकडे कुठं?" त्या म्हणाल्या. "आत ये."

पहिल्यांदाच त्यांनी मला एकेरी हाक मारली. आत चूल पेटलेली होती. पऱ्हाटी तडतडत होती आणि धुराने पलीकडची भिंत दिसत नव्हती. शोभा भाकरी थापायला बसली. ना रोडगे, ना तूप. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि ठेचा. दोनच मिनिटांत माझ्या डोळ्यांतून धार लागली. मागे सरकायला जागा नव्हती. जाळ एकदम बसला, धूर दुप्पट झाला, आणि गिरजाबाईंनी चाचपडत लोखंडी फुंकणी शोधून माझ्या हातात दिली.

"घे, फुक. तिचे हात पिठाचे हायेत."

मी वाकले आणि फुंकायला लागले.